पवनचक्कीत आपला वाटा असला की

स्वच्छ ऊर्जेचा विषय निघाला की "लोकांचाच विरोध आहे" हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. लोकांना राग येतो तो आपल्याला न विचारता सगळं परस्पर ठरवल्याचा.

कोपनहेगनजवळच्या समुद्रातला मिडलग्रुंडन प्रकल्प बघा. मूळ आराखड्यात २७ पवनचक्क्या होत्या, तीन रांगांत. जनसुनावणीत हरकती आल्या, किनाऱ्यावरून हे असं दिसायला नको म्हणून. मग संख्या २० वर आली आणि तीन रांगांच्या जागी एकच हलकी कमान झाली. २००० साली ती उभी राहिली. अर्धी मालकी सहकारी संस्थेची: ४०,५०० भाग (शेअर), आठ हजारांवर सभासद, एका भागामागे वर्षाला साधारण १,००० युनिट वीज धरलेली. वारा सुटला की यातल्या प्रत्येकाला तो आपल्यासाठी वाहतोय असं वाटत असणार!

उद्योगांचं म्हणाल, तर त्यांना सगळ्यात आधी सरकारच्या शब्दाची खात्री लागते. सौर किंवा पवन प्रकल्पाला इंधन विकत घ्यावं लागत नाही, पण जवळजवळ सगळा पैसा सुरुवातीलाच ओतावा लागतो. त्यामुळे कर्ज किती व्याजाने मिळतं यावर पुढचं सगळं गणित. जर्मनीने २००० च्या कायद्याने अशा विजेला २० वर्षं ठरलेला दर दिला, आणि त्या भरवशावर शेतकऱ्यांनीही पॅनेल लावली. स्पेनने मात्र आधी घसघशीत दर कबूल केले आणि २०१० पासून चालू प्रकल्पांचेही कापत नेले. मोठे गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. कर्ज काढून पैसे घातलेली साधी कुटुंबं कुठे जाणार?

म्हणून कंपन्यांनी नुसत्या घोषणांवर थांबू नये. आपली सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतूनच घेऊ असं कंपन्या जाहीर करतात, त्या २०१४ मध्ये सुरू झालेल्या आरई१०० उपक्रमात आज शेकडो कंपन्या आहेत, त्याचा मला आनंदच आहे. पण ज्या उद्योग संघटनेची वर्गणी कंपनी भरते, तीच धोरण सैल करा म्हणून निवेदन देत असेल, तर कंपनीने तिथे तोंड उघडलं पाहिजे. लेखी आणि नावानिशी.

आणि आपण? हरकती-सूचना मागवल्या की विरोध असणारे पत्र लिहितात, पाठिंबा असणारे गप्प राहतात. मीही गप्पच राहत आलोय. यापुढे पाठिंब्याचं पत्र पाठवणार, आणि त्यात एक मागणी नक्की घालणार: प्रकल्पाजवळ राहणाऱ्यांना भाग विकत घेण्याची संधी द्या. डेन्मार्कने २००८ च्या कायद्यात नव्या पवनचक्क्यांचे किमान २० टक्के भाग स्थानिकांना देऊ करणं बंधनकारक केलं होतं. निदान तेवढं तरी मागूया.