कोणते काम सोडायचे, हे आधी ठरवा

विदर्भातील ग्रामीण भागात काम करणाऱ्या लहान संस्थांसोबत बसून त्यांच्या पुढील कामाचा आराखडा तयार करण्यात मी मदत करते. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडील संस्थांमध्ये तळमळ भरपूर आहे, माणसे प्रामाणिक आहेत. पण कोणाच्या आयुष्यात नेमका कोणता बदल घडवायचा, हे ठरवून त्यावर ठाम राहण्याची सवय फार थोड्यांना आहे. त्यामुळे ज्या वर्षी ज्या विषयाला निधी मिळेल, त्या वर्षी तो विषय संस्थेचा होतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून ही ओढ आणखी वाढली आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील एका संस्थेचे उदाहरण सांगते. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या महिलांसाठी ती सुरू झाली. पुढे शिवणवर्ग आले, आरोग्य शिबिरे आली, वृक्षारोपण आले, वह्यावाटप आले. गावकार्यकर्त्यांच्या नोंदवह्या मी चाळल्या, तेव्हा त्यांत तारीख, गाव, कार्यक्रम आणि उपस्थिती असे रकाने होते. कार्यक्रमानंतर त्या बाईच्या घरात काय बदलले, यासाठी रकानाच नव्हता. मात्र एका कार्यकर्तीने समासात पेन्सिलने काही नावांपुढे लिहून ठेवले होते, ‘सातबारा अजून सासऱ्याच्या नावे’. कोणीही न सांगता तिने केलेली ती नोंद माझ्या मते त्या संस्थेच्या कपाटातील सर्वांत मोलाचा कागद होता.

सातबाऱ्यावर नाव नसेल तर शेत कसणाऱ्या बाईला स्वतःच्या नावे पीककर्ज मिळत नाही, पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये मिळत नाहीत, नुकसानभरपाईच्या यादीतही तिचे नाव लागत नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील, शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या ५०५ महिलांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के महिलांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी पहिल्या वर्गातील वारस असूनही ही स्थिती आहे.

इथे कामाचे दोन वेगळे मार्ग दिसतात आणि आराखड्यात ते वेगळेच ठेवावे लागतात. जमीन पतीच्या नावे असेल तर वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, तलाठ्याने घेतलेला फेरफार (म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नावाचा बदल), हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, असा तो ठरलेला रस्ता आहे. सोबत जाणारे कोणी असेल तर बहुतेक प्रकरणे मार्गी लागतात. पण सासरे हयात आहेत आणि जमीन त्यांच्या नावे आहे, अशा घरात केवळ अर्ज करून भागत नाही. तिथे सासरे, दीर आणि ती बाई यांना एकत्र बसवून सहमतीने वाटणीपर्यंत आणावे लागते आणि त्यासाठी गावात शब्दाला मान असलेली, जमिनीचे कागद वाचता येणारी कार्यकर्ती लागते. संस्थेने कोणाला नेमायचे, कोणाला कसले प्रशिक्षण द्यायचे आणि पैसा कुठे घालायचा, या प्रश्नांची उत्तरे या एका तपशिलातून निघाली. शिवणवर्ग बंद करण्यावर विश्वस्तांच्या बैठकीत बराच वाद झाला. गावात कार्यक्रम दिसला नाही तर लोक विचारतील, ही ज्येष्ठांची काळजी खरी होती. तरीही वर्ग बंद झाला आणि ते योग्यच झाले, असे मी म्हणेन.

एका प्रश्नावर टिकून राहिल्याने काय साधते, याचा दाखला आपल्याच भागात आहे. डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत नवजात बालकांच्या मृत्यूवर काम करताना ३९ गावांत घरोघरी सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच बायकांना बाळाची तपासणी, ऊब देणे आणि जंतुसंसर्गावरील उपचार शिकवले. तिसऱ्या वर्षी तुलनेतील गावांपेक्षा नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे घरोघरी नवजात बालसेवेची ही पद्धत देशभरातील ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामात आली. प्रत्येक संस्थेला असे संशोधन झेपणार नाही, हे मान्य आहे. पण काम सुरू करण्यापूर्वीची स्थिती गावनिहाय लिहून ठेवणे कोणालाही जमते.

निधी देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, असा आराखडा घेऊन येणाऱ्या संस्थेला किमान तीन वर्षे साथ द्या आणि कार्यकर्तीचा पगार व तिचा एसटीचा खर्च वरखर्च म्हणून कापू नका, कारण या कामात मुख्य खर्च तोच आहे. तुमचे वर्ष मार्चअखेर संपते, तर आमच्या कापूसपट्ट्यात खरिपाच्या पीककर्जाची धावपळ एप्रिल-मेमध्ये सुरू होते. म्हणून या संस्थेने हिवाळ्यात फेरफार मार्गी लावायचे आणि त्यांपैकी किती जणींना स्वतःच्या नावे कर्ज मिळाले, हे जूनअखेर मोजायचे, असे ठरवले आहे. अहवालाची तारीख तेवढी पुढे सरकवून द्या.