बुधवारची नोव्हेना आणि चिठ्ठ्यांची पेटी : मिरजेच्या एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सलाम काका.

आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चच्या मंडळीतल्या, बुधवारच्या नोव्हेनावर (मरियेपुढे दर आठवड्याला होणाऱ्या प्रार्थनेवर) मी लिहिलं, त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. ती मी घरी सगळ्यांना वाचून दाखवली. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आवारात वाढलेला, तीन पिढ्यांचा प्रॉटेस्टंट, अशी ओळख तुम्ही दिली आहे. म्हणजे डॉ. वॉनलेसनी १८९४ साली उभ्या केलेल्या त्या हॉस्पिटलच्या सावलीतले तुम्ही. आमच्या सांगलीतल्या कितीतरी घरांवर त्या हॉस्पिटलचे उपकार आहेत, त्यामुळे तुम्ही रागावून लिहिलंत तरी ते आपल्या माणसाचं बोलणं म्हणूनच मी ऐकलं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं : मरियेची, म्हणजे येशूच्या आईची, भक्ती बायबलमध्ये नाही. नोव्हेना ही काही जुनी परंपरा नव्हे, ती माहीमच्या चर्चची नक्कल. पेटीत चिठ्ठ्या टाकणं म्हणजे सरळसरळ नवस बोलणं, मग मिरजेतल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आणि तुमच्या चर्चमध्ये फरक काय? आणि शेवटी, कॅथलिक पोरांना जपमाळ ओढता येते पण बायबल उघडता येत नाही. हे शेवटचं मला लागलं. त्याच्याकडे शेवटी येते.

बायबलचा मुद्दा आपल्या दोन्हीकडच्या लोकांनी इतक्या वेळा घोळवला आहे की मी फार लांबवत नाही. आराधना एका देवाचीच, मरियेचा फक्त सन्मान, ही रेघ आमच्या चर्चनं आज आखलेली नाही. प्रतिमांच्या वादात नायसियाच्या दुसऱ्या धर्मसभेनं ती ७८७ सालीच स्पष्ट केली. लूकच्या पहिल्या अध्यायात मरिया स्वतःच म्हणते की सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील. तिच्या त्या स्तोत्रावर तुमच्या प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरनं १५२१ मध्ये मोठ्या आदरानं भाष्य लिहिलं, रोमशी त्याचं फाटलं होतं त्याच काळात. आणि काना गावच्या लग्नात ती करते तरी काय? द्राक्षारस संपला, एवढंच मुलाच्या कानावर घालते आणि नोकरांना सांगते की तो सांगेल तसं करा. बुधवारी आम्ही तिच्याकडून याच दोन गोष्टींची अपेक्षा धरतो. आमचं काय संपलंय ते तिनं त्याला सांगावं, आणि तो काय म्हणतो ते आम्हाला ऐकायला लावावं.

आता नक्कल. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ही नोव्हेना ८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली हे तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात दर आठवड्याच्या नोव्हेनाचा प्रघात पडला आणि तिथून तो जगभर गेला. आपल्याकडे माहीमवरून तो गावोगाव पोचला. मुंबईला नोकरीला असलेली माणसं सुट्टीत घरी येताना नोव्हेनाचं पुस्तक पिशवीत घालून आणायची, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. पण भक्ती नवी म्हणून खोटी, हे मला पटत नाही.

शिवाय ज्या चित्रापुढे ही प्रार्थना होते ते नित्य साहाय्य मातेचं, म्हणजे मरियेचं, चित्र जुनं आहे, आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती माझ्या आधीच्या लेखात नीट आली नव्हती, म्हणून इथे लिहिते. लाकडी फळीवर रंगवलेलं, पूर्वेकडच्या ग्रीक शैलीतलं हे चित्र. उंची जेमतेम पावणेदोन फूट. परंपरा सांगते की एका व्यापाऱ्यानं क्रीट बेटावरून ते चोरून रोमला आणलं. २७ मार्च १४९९ ला ते रोममधल्या सेंट मॅथ्यूच्या चर्चमध्ये लावलं गेलं आणि तिथे जवळजवळ तीनशे वर्षं राहिलं. १७९८ मध्ये फ्रेंच फौजा रोममध्ये शिरल्या, ते चर्च जमीनदोस्त झालं. ऑगस्टिनियन साधूंनी चित्र वाचवलं खरं, पण पुढे ते त्यांच्या एका छोट्या प्रार्थनालयात पडून राहिलं आणि लोक विसरले. एक म्हातारे ब्रदर तेवढे विसरले नव्हते. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, सेवा करायला येणाऱ्या मिकेले मार्की नावाच्या मुलाला ते ही आठवण सांगत राहिले. तो मुलगा मोठा होऊन रिडेम्प्टरिस्ट संघाचा धर्मगुरू झाला. योगायोग असा की पाडलेल्या सेंट मॅथ्यूच्या जागेजवळच या संघानं आपलं नवं चर्च बांधलं होतं. मार्कींनी आपल्या माणसांना आठवण सांगितली, ती नवव्या पायस पोपपर्यंत पोचली, आणि २६ एप्रिल १८६६ ला मिरवणुकीनं चित्र तिथे परत आलं. या माउलीची ओळख साऱ्या जगाला करून द्या, असं पोपनी संघाला सांगितलं म्हणतात. आमच्या चर्चमधली तसबीर ही त्याच चित्राची छापील प्रत.

काका, तुम्ही हे चित्र एकदा जवळून पाहा. ‘मरियेची मूर्तिपूजा’ म्हणता ना, म्हणून सांगते. बाळ येशू आईकडे बघतच नाही. मान मागे वळवून तो एका देवदूताकडे बघतोय आणि त्या देवदूताच्या हातात क्रूस आहे. दुसऱ्या बाजूच्या देवदूतापाशी भाला आणि आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला बोळा आहे. पोर दचकून आईकडे धावलंय, इतक्या घाईनं की एका पायातली चप्पल सुटून नुसत्या पट्ट्यावर लोंबतेय. दोन्ही हातांनी त्यानं आईचा अंगठा धरलाय. आणि आईचे डोळे? ते आपल्याकडे लागलेत. तिचा तो उघडा हात पोराला धरूनही ठेवतो आणि त्याच्याकडे बोटही दाखवतो. हे चित्र वधस्तंभाचं आहे. ज्या विषयावर तुमचे पाळक गुड फ्रायडेला तीन तास येशूची वधस्तंभावरची सात वचनं सांगतात, तोच विषय इथे एका लोंबत्या चपलेत आलाय.

आता चिठ्ठ्या. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या लेखाचा जीव तिथेच होता आणि तुमचा रागही तिथेच आहे.

आमची पॅरिश लहान. गोव्याची, मंगळूरची चार घरं, केरळहून नर्सिंगला आलेल्या मुली, काही तमीळ कुटुंबं आणि नगर, श्रीरामपूरकडून नोकरीनिमित्त आलेली आमच्यासारखी मराठी माणसं. रविवारी मिस्सा संपली की जो तो आपल्या भाषेच्या घोळक्यात बोलतो आणि घरी जातो. कुणाच्या घरात काय चाललंय हे दुसऱ्याला कळायला रविवार पुरत नाही. बुधवारी मात्र पेटी उघडते. विनंतीच्या आणि आभाराच्या चिठ्ठ्या नाव न घेता मोठ्यानं वाचल्या जातात. वाचनाचं काम बरेचदा माझ्याकडे असतं, त्यामुळे त्या चिठ्ठ्यांचे कागद मी हाताळलेत. वहीचं फाडलेलं पान, औषधाच्या बिलाची मागची बाजू, एकदा तर लग्नपत्रिकेचा तुकडा. ‘नवऱ्याची दारू सुटू दे.’ ‘जर्मन भाषेची परीक्षा पास होऊ दे, घरचं कर्ज फिटेल.’ ‘आईचा डायलिसिस चालू आहे, तिला फार त्रास नको.’ एक चिठ्ठी तासगावकडच्या बागायतदाराची होती. त्यात ना येशूचं नाव होतं ना मरियेचं. ‘मणी फुगायला लागलेत, आठ दिवस पाऊस नको.’ एवढंच.

तुम्ही विचाराल, हा नवस नाही तर काय? काका, नवसात देवाणघेवाण ठरते. तू हे दे, मी ते देईन. आमच्या फादरांनी तसली चिठ्ठी वाचायची नाही असं आम्हाला बजावून ठेवलंय. कबूल केलेलं सोनं, मेणबत्त्यांचा आकडा, काही वाचलं जात नाही. वाचलं जातं ते दुःख आणि वाचले जातात ते आभार. आणि ते ऐकून सगळा जमाव एका आवाजात म्हणतो, प्रभू, आमची प्रार्थना ऐक. त्या बागायतदारासाठी केरळची मुलगी प्रार्थना करते. द्राक्षाला त्या दिवसांत पाऊस का नको, हे तिला माझ्या शेजारच्या बाकावरच्या मावशींनी तिथेच समजावून सांगितलं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हीही पाहिलात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यानंतरच्या बुधवारी पेटी गच्च भरली होती. काही कागद ओलसर होते, शाई पसरलेली. त्यातली एक चिठ्ठी मला विसरता येत नाही. ‘माझं घर वाचलं, शेजारणीचं गेलं. मला आभार मानायची लाज वाटते.’ ती वाचून झाल्यावर फादर त्या दिवशी प्रवचन करायला उभे राहिले नाहीत. कुणाला अंथरूण हवंय, कुणाला भांडी हवीत, कुणाकडे जास्तीची गादी आहे, याची यादी करायला त्यांनी सगळ्यांना तिथेच बसवलं. नोव्हेना नसती तर ही मदत झालीच नसती असं मी म्हणणार नाही. पण त्या बाईचं मन हलकं करण्याची दुसरी कुठली जागा आमच्या पॅरिशमध्ये होती, हे मला सांगता येत नाही.

दर्ग्याचं नाव तुम्ही ज्या सुरात घेतलंत तो मला आवडला नाही. मिरजेत जन्म काढलेल्या माणसाला मीरासाहेबांचा उरूस आणि तिथलं गाणं परकं नसावं. आमच्याकडे बुधवारी हिंदू येतात, मुसलमान बायकाही येतात. त्यांना आम्ही दारात अडवत नाही.

परंपरेबद्दल अजून एक. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला सप्टेंबरात नगर जिल्ह्यातली आणि राज्यभरातली माणसं जातात, कित्येक चालत जातात. माझ्या माहेरचे लोकही जातात. त्याला तुम्ही ‘वारीची नक्कल’ म्हटलंय. पण तुमच्या मंडळीत रविवारी ज्यांची पदं गायली जातात त्या नारायण वामन टिळकांनी काय केलं? अभंग घेतला, कीर्तन घेतलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून शेजारच्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांना तुकारामाची वाट येशूपर्यंत नेणारी वाटली. तुम्ही ती पदं अभिमानानं गाता, गायलाच हवीत. मग आमची बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात झेंडा धरून मरियेचं गाणं म्हणत हरेगावला चालत निघाली, तर तिच्यात नक्कल कुठून दिसते?

एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. ‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर अरिष्ट येईल’ असे मेसेज मरियेच्या फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते मला संतापजनक वाटतात. ती भक्ती नव्हे, भीती आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं १९६४ मध्येच बजावलं की मरियेबद्दल अतिशयोक्ती नको आणि कोतेपणाही नको, भाबडा विश्वास म्हणजे खरी भक्ती नव्हे. आमच्या ग्रुपवर असा मेसेज आला की आम्ही तो काढायला लावतो, आणि पाठवणाऱ्याला फोन करतो.

आता पोरांचं बायबल. माळेत वीस रहस्यं असतात, म्हणजे जप करताना मनात आणायचे येशूच्या आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग. पंधरा जुनी, आणि पाच दुसऱ्या जॉन पॉल पोपनी २००२ मध्ये घातलेली, येशूच्या बाप्तिस्म्यापासून शेवटच्या भोजनापर्यंतची. या विसांपैकी अठरा थेट शुभवर्तमानातली आणि प्रेषितांच्या कृत्यांतली. मरियेचं स्वर्गात उचललं जाणं आणि तिचा मुकुट, ही दोन तशी नाहीत, आणि त्यावर तुमचा-आमचा वाद राहणारच. पण अठरा प्रसंग मनात न आणता माळ नुसतीच ओढली जात असेल तर चूक शिकवणाऱ्यांची, म्हणजे आम्हा मोठ्यांची आहे. म्हणून ऑक्टोबरात घरोघरी माळ होते तेव्हा आमच्या गटात नियम आहे : प्रत्येक दहा मण्यांच्या जपाआधी त्या प्रसंगाचा उतारा घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्यानं बायबल उघडून वाचायचा. मोबाइलवर नाही, पुस्तकातून. योहान कुठे आणि लूक कुठे हे शोधताना पहिल्या आठवड्यात पोरं गडबडतात, सगळे थांबतात. महिना संपेपर्यंत बोटं आपोआप पानावर जातात.

७ ऑक्टोबरला, जपमाळेच्या मातेच्या सणाला, माळ विश्रामबागला आमच्याच घरी आहे, संध्याकाळी सात वाजता. तुम्ही या. माळ म्हणायची नसेल तर म्हणू नका, उतारे ऐका. वाचताना एखादं पोर चुकलं तर तिथल्या तिथे सुधारा, आणि काकूंनाही घेऊन या.