50 मिनिटांची पाटी

सह्याद्रीत वाट विचारण्याची एक रीत आहे. आपण धापा टाकत एखाद्या गुराख्याला "मामा, गड किती लांब राहिला?" असे विचारावे आणि त्याने हातातली काठी हवेत फिरवून "आलाच की, ह्या वळणापल्याड" असे सांगावे. ते वळण मागे पडते, त्यापुढची तीन वळणे मागे पडतात, गड काही येत नाही. पण माणूस आशेवर चालत राहतो. गेली चाळीस वर्षे मी याच थापेच्या बळावर गड चढत आलो आणि स्वतःला ट्रेकर म्हणवून घेत आलो. हा समज स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्ड या गावी एका पिवळ्या पत्र्याच्या पाटीने उतरवला.

आमची कन्या झुरिकला असते. उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असता जावईबापूंनी या गावाचा बेत आखला. गाव 1034 मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या उशाशी 3967 मीटरचा आयगर असा उभा आहे की, खिडकीचा पडदा सरकवला तर आकाश शोधावे लागते. सकाळी रोपवेच्या डब्यात बसून आम्ही फर्स्ट नावाच्या ठिकाणी निघालो. सिंहगडाची उंची 1312 मीटर आणि कळसूबाईची 1646, हे आकडे मला तोंडपाठ असल्यामुळे बोर्टचे स्थानक मागे पडल्यावर थोड्याच वेळात मी "ही गेली कळसूबाई खाली" असे जाहीर केले. फर्स्ट 2168 मीटरवर आहे. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून पाचशे मीटर उंच जागी मी बसल्या बसल्या, पाय न हलवता पोहोचलो होतो, आणि आत्मविश्वास वाढायला एवढे कारण पुरेसे असते. त्याच भरात तिकीटही मी हट्टाने एकेरीच काढायला लावले होते. "उतरायला कशाला पैसे मोजायचे?" हे माझे वाक्य पुढे दिवसभर मला तीनही आवाजांत ऐकवण्यात आले.

वर पोहोचताच ती पाटी भेटली. एकाच खांबावर बाणासारख्या टोकदार अनेक पाट्या, प्रत्येकीवर ठिकाणाचे नाव आणि नावापुढे वेळ. अंतर कुठेच नाही! बाखआल्पझे या तळ्यापुढे 50 मिनिटे असे लिहिले होते. कुणाची 50 मिनिटे, हा माझा पहिला प्रश्न होता. जावईबापूंनी माहिती पुरवली की, सपाटीवर ताशी सुमारे 4.2 किलोमीटर हा वेग धरून चढ-उताराचा हिशेब करतात आणि ही वेळ काढतात. विश्रांती त्यात धरत नाहीत. विश्रांती धरत नाहीत, हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. माझ्या मते चालणे म्हणजेच दोन विश्रांतींच्या मधली अपरिहार्य गैरसोय होय.

या देशात अशा खुणा केलेल्या पायवाटा 65 हजार किलोमीटरच्या घरात आहेत आणि 1979 साली मतदान घेऊन त्यांना थेट संघराज्याच्या घटनेत स्थान दिलेले आहे. (आमच्या पेठेतल्या फुटपाथला अजून रस्त्यावरसुद्धा स्थान मिळालेले नाही.) पिवळी खूण साध्या वाटेची, पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा डोंगरवाटेची आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा जिथे हातही वापरावे लागतात अशा वाटेची. निळा पट्टा दिसला की मागे फिरावे, हे मला कुणी शिकवावे लागले नाही.

वाट रुंद होती, चढ बेताचा होता, गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, त्यामुळे तक्रारीला जागाच उरली नव्हती आणि तेच फार जाचक होते. वाट वाईट असली तर दमलेल्या माणसाला निदान वाटेला नावे ठेवता येतात. मी फुले पाहण्यासाठी थांबलो, शिखरांची नावे विचारण्यासाठी थांबलो, बुटाची न सुटलेली नाडी बांधण्यासाठी चार वेळा थांबलो. "अहो, नाडी झिजेल," असे सौभाग्यवती पुढून म्हणाल्या. 50 मिनिटांचे तळे आम्हाला एक तास पस्तीस मिनिटांनी लाभले. तळ्याच्या पाण्यात श्रेकहॉर्नचे पांढरे टोक उलटे उतरले होते, काठावर दशम्या आणि लसणाची चटणी उघडली गेली आणि मी अर्धा तास पाटीला क्षमा केली. तिथून फाउलहॉर्नच्या 2681 मीटरच्या माथ्यावर 1830 च्या दशकापासून हॉटेल आहे असे कळले. परंतु तिकडची वेळ तासाच्या वर असल्याने मी त्या हॉटेलला खालूनच नमस्कार केला.

खरा प्रसंग उतरताना ओढवला. फर्स्टपासून गावापर्यंत 1134 मीटर उतार आहे, आणि चढताना फुप्फुसांकडे असलेली तक्रार-खिडकी उतरताना गुडघ्यांकडे हलवली जाते. कुरणाच्या हद्दीवर वाटेत आडवी तार होती. तिच्या टोकाला प्लास्टिकची मूठ असते. मूठ धरून तार सोडवायची, पलीकडे जायचे आणि परत अडकवायची. मी मूठ सोडून तार धरली. कोपरापर्यंत एक सणसणीत झटका गेला, तोंडून मायबोलीतला शब्द गेला आणि शेजारच्या गाईने रवंथ थांबवून माझ्याकडे पाहिले. तारेवर हात आणि विजेचे चित्र असलेली पिवळी पाटी टांगलेलीच होती. दिवसभर प्रत्येक पाटीशी हुज्जत घालणाऱ्या मला तेवढी एक दिसली नव्हती.

गाव खाली हाकेच्या अंतरावर दिसू लागले, तेव्हा समोरून एक कुटुंब चढत येत होते. गृहस्थ घामाघूम झाले होते, पाठीवर स्वतःची, बायकोची आणि मुलाची अशा तीन पिशव्या होत्या. आमचे बोलणे कानावर पडताच ते थबकले आणि अगदी कोल्हापुरी ठसक्यात म्हणाले, "काका, ते बोर्ट का काय, किती राहिलंय हो?" माझ्या मागे खांब होता, त्यावर तासाहून अधिक वेळ लिहिलेली होती. सौभाग्यवतींनी डोळ्यांनी मला खांब दाखवला. मी हातातली काठी हवेत फिरवली आणि म्हणालो, "आलंच की, ह्या वळणापल्याड."

गृहस्थांनी पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पिशव्या सावरल्या आणि पाटीकडे पाठ करून झपाझपा चालू लागले.