पाणी, वाळू आणि पाईनहर्स्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

अमेरिकेतल्या पाईनहर्स्टचं गोल्फ मैदान पुन्हा जुन्या रूपात आणलं गेलं, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, बेळगावात नळाला पाणी कधी येईल याची लोक वाट बघतात आणि मी श्रीमंतांच्या हिरवळीचं कौतुक करतो. शिवाय जुनं होतं तसं करून ठेवण्यात कला कसली, फोटो समोर ठेवला तर कंत्राटदारही करेल, असंही तुम्ही म्हणालात. दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाणी. उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेली की आपल्या घराघरांत काय होतं ते मीही बघतो. गोल्फची बरीच मैदानं बेसुमार पाणी पितात, हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी मऊ करून सांगणार नाही. पण पाईनहर्स्टच्या दोन नंबरच्या मैदानावर घडलं ते नेमकं उलट. २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या गोल्फ मैदानं रचणाऱ्या जोडीनं तिथलं सुमारे ३५ एकर गवत काढून टाकलं. पाणी फवारणारी तोंडं होती साधारण ११५०, ती ४५०वर आणली. गवताच्या जागी पुन्हा वाळू आली आणि त्या भागातलं मूळचं रानगवत लावलं गेलं. २०१४ साली तिथं पुरुषांची आणि पाठोपाठच्या आठवड्यात महिलांची यू. एस. ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा झाली, तेव्हा कडेचा तपकिरी, करपलेला रंग टीव्हीवर बघून अनेकांनी नाकं मुरडली. मला तोच रंग सगळ्यांत जास्त आवडला. नॉर्थ कॅरोलायनाचा तो पट्टा मुळात वाळूचा आहे आणि मैदान आता त्याच मातीचं दिसतं.

डोनाल्ड रॉस या स्कॉटलंडहून आलेल्या माणसानं हे मैदान रचलं, १९०७ साली ते पूर्ण झालं आणि १९४८ मध्ये वारेपर्यंत तो त्यात सुधारणा करत राहिला. १९३५पर्यंत तर तिथल्या ग्रीनवरही, म्हणजे चेंडू घालायचं भोक असतं त्या जागेवरही, गवत नव्हतं, वाळूच होती. आपल्याकडच्या छावण्यांतल्या जुन्या मैदानांवर तेल घातलेल्या वाळूची ‘ब्राऊन’ असत, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता कंत्राटदाराचा मुद्दा. १९४३चे विमानातून घेतलेले फोटो कामी आले, हे खरं. पण त्या फोटोत कडा दिसतात. कडा तिथंच का, हे दिसत नाही. रॉसची ग्रीन मधे उंच आणि चारी बाजूंनी उतरती आहेत. चुकीच्या बाजूनं आलेला चेंडू वर टिकत नाही, घरंगळून खाली जातो. म्हणून पहिला फटका फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, डावीकडे टाकायचा की उजवीकडे, हे त्या दिवशी भोकातला झेंडा ग्रीनवर कुठं रोवलाय ते बघून ठरवावं लागतं. खेळाडूला असं ठरवता यावं म्हणूनच रॉसनं रुंदी ठेवली होती. पुढच्या दशकांत दोन्हीकडे उंच गवत वाढवून फेअरवे अरुंद केले गेले आणि खेळाडूला एकच काम उरलं : सरळ मारणे. आपल्याकडच्या दगडी देवळांवर दर यात्रेला ऑइलपेंटचा एकेक हात चढत जातो आणि कोरीवकाम बुजतं, तसं हे झालं होतं. हात देणाऱ्याच्या मनात भक्तीच असते.

रुंदी किती होती, हे कूर-क्रेनशॉंना कळलं ते जमिनीतून. फेअरवेच्या मधोमध टाकलेली पाण्याची जुनी एकेरी नळी त्यांनी शोधून काढली. तिचं पाणी दोन्हीकडे जिथवर पोचायचं तिथवर फेअरवे, पुढं वाळू. पाणी बेतानं होतं, म्हणूनच त्या मैदानाला तो आकार आला होता! मला कला दिसते ती इथं. क्रेनशॉ स्वतः मास्टर्स ही गोल्फमधली मोठी स्पर्धा दोनदा जिंकलेला. आपली छाप पाडायचा मोह त्याला सहज झाला असता. पण ग्रीनना त्यांनी जवळजवळ हातच लावला नाही. आपल्याकडचा कंत्राटदार, सर, आधी तीच सपाट करून घेईल.

श्रीमंतांचा खेळ म्हणाल तर पाईनहर्स्टला खेळणं महागच आहे. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे जुनं गोल्फ मैदान ही सार्वजनिक जागा आहे, रविवारी एरवी तिथं खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांसह त्यावरून फिरतात.

बेळगावात याचा उपयोग काय, असंही तुम्ही विचारलंत. किल्ला तलाव घ्या किंवा खानापूरकडच्या एखाद्या गावचं तळं घ्या. सुशोभीकरण म्हटलं की आपल्याकडे आधी काँक्रीटची कड, फरश्या आणि रोज पाणी मागणारं लॉन येतं. त्याऐवजी निविदा काढण्यापूर्वी जुना गावनकाशा काढावा, पाणी कुठल्या ओढ्यानं आत यायचं आणि कुठून बाहेर पडायचं हे म्हाताऱ्या माणसांना घेऊन शिवारात फिरून बघावं, आणि मगच काय काय काढून टाकायचं याची यादी करावी. तुम्ही अशा एखाद्या तळ्याचं नाव सुचवलंत, तर त्यावर मी पुढचा लेख लिहीन.