नुकसान करावं, पण शेजारी राहून नव्हे

दुसऱ्याचं नुकसान करायचं मनात असेल, तर आधी हात खिशात घाला. हात हे फार मागासलेलं साधन आहे. चापट मारली की ती दिसते, ऐकू येते, गालावर उमटते आणि मारणारा मूर्खासारखा तिथेच उभा असतो.

पायाचंही तेच. 1889 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका शाळकरी मुलानं वर्गात दुसऱ्याच्या नडगीला पायानं जरासं ढोसलं. त्या पायाला आधीच एक दुखापत होती. ती चिघळली आणि पाय कायमचा निकामी झाला. एवढं होईल हे त्या मुलाला कळणं शक्यच नव्हतं. कोर्टानं म्हटलं, नसेल कळत, पण जबाबदारी सगळ्या परिणामांची. म्हणजे ज्याला धक्का माराल तो आतून काचेचा निघाला, तर काचेची भरपाईसुद्धा तुमच्याच माथी.

मग काहीजण दुसरी युक्ती काढतात: ‘मला एवढी अक्कल नव्हती हो!’ हा बचाव मोहक आहे, शिवाय बऱ्याचदा खराही असतो. पण तो आधीच वापरून झालाय. इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्यानं शेजाऱ्याच्या हद्दीला लागून गवताची गंजी रचली. ओलं गवत आतल्या आत तापतं आणि पेट घेतं, हे लोक त्याला पाच आठवडे सांगत होते. ‘बघू काय होतं ते,’ असा त्याचा पवित्रा. (त्याच्या मालाचा विमा उतरवलेला होता. शेजाऱ्याच्या घरांचा त्या विम्याशी काय संबंध?) शेवटी त्यानं गंजीच्या मधोमध धुराड्यासारखं भोक पाडलं. गंजी पेटली आणि शेजाऱ्याची घरं जळाली. कोर्टात त्याच्या वकिलानं मांडलं की, अशिलानं आपल्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे केलं; देवानं बुद्धीच बेताची दिली याची शिक्षा त्याला का? 1837 चा हा निकाल. न्यायाधीशांचं म्हणणं असं की, ज्याची त्याची बुद्धी मोजत बसलो तर माप माणसागणिक पावलाच्या लांबीसारखं बदलत राहील. तेव्हा मोजायचं ते साधारण समंजस माणसाच्या काळजीनं.

हा समंजस माणूस तेव्हापासून कोर्टात ठाण मांडून बसलाय. प्रत्यक्षात तो कुणाला भेटल्याचं ऐकिवात नाही. पण त्या शेतकऱ्याची खरी चूक बुद्धीची नव्हती, जागेची होती. गंजी शेजाऱ्याला खेटून रचली, तिथेच तो फसला.

शेजारी हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण कायदा त्याच्याभोवती फिरतो. 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका बाईंना जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय मिळाल्याची तक्रार झाली. बाटली मैत्रिणीनं विकत घेतलेली, त्यामुळे बाईंचा करार ना दुकानदाराशी, ना कारखान्याशी. तरी 1932 मध्ये ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, कारखानदारावर जबाबदारी येऊ शकते असं ठरवलं. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी शेजाऱ्याची व्याख्याच केली: माझ्या वागण्याची झळ ज्याला थेट लागेल, आणि जो वागताना माझ्या ध्यानात असायला हवा, तो माझा शेजारी. गंमत म्हणजे बाटलीत खरंच गोगलगाय होती का, हे शेवटपर्यंत सिद्ध झालंच नाही. तिच्याविना आजचा निष्काळजीपणाचा कायदा उभा आहे.

यावरून धडा घ्या आणि शेजारी होणं टाळा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काहीच न करणं. अनोळखी माणूस बुडत असेल तर इंग्रजी वळणाच्या कायद्यात तुम्ही काठावर उभं राहून निवांत बघू शकता. नुसतं बघणं सहसा गुन्हा ठरत नाही. उलट उडी मारलीत आणि त्याची अवस्था आणखी बिघडवलीत, तर दावा तुमच्यावर. (ही सोय जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये शोधू नका. तिथे शक्य असूनही मदत न करणं हाच गुन्हा आहे. मागास देश!)

करून बसलाच असाल, तर दारं दोन आहेत हे विसरू नका. फौजदारी दारावर ‘वाजवी संशयापलीकडे’ अशी पाटी आहे; दिवाणी दारावर पारडं जरासं झुकलं तरी भागतं. एकातून सुटून दुसऱ्यात अडकता येतं. अमेरिकेतले फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन 1995 मध्ये खुनाच्या खटल्यातून निर्दोष सुटले आणि 1997 मध्ये त्याच दोन मृत्यूंसाठी दिवाणी ज्यूरीनं त्यांना जबाबदार धरून 3 कोटी 35 लाख डॉलर द्यायला सांगितलं. 2024 मध्ये ते वारले तोवर त्यातली बहुतेक रक्कम थकलेलीच होती. ठरवणं वेगळं आणि वसूल करणं वेगळं, हे तिसरं दार कुठल्याच पुस्तकात नीट दाखवलेलं नसतं.

पण ही सगळी एकट्यादुकट्याची, हौशी कामं. नुकसान मोठं करायचं असेल तर कंपनी काढा. कंपनीला गाल नसतो आणि तुरुंगात घालावं असं अंगही नसतं. शिवाय कंपनीला आई असते, ती दुसऱ्या देशात राहते आणि लेकीनं काय केलं ते तिला माहीत नसतं.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसं गेली. पुढचं जरा अभ्यासूपणे वाचा. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन 7 डिसेंबरला आले, अटक झाली, त्याच दिवशी जामीन झाला, अमेरिकेला गेले ते परत कोर्टात आलेच नाहीत. कंपनीनं सांगितलं, हे एका नाराज कामगाराचं कृत्य. (असा एक कामगार प्रत्येक कारखान्यानं जपून ठेवावा.) न्यूयॉर्कमधला दावा 1986 मध्ये कंपनीच्याच विनंतीवरून भारतात धाडला गेला, कारण योग्य जागा तीच. भारत सरकारनं 3.3 अब्ज डॉलर मागितले होते. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि तिच्यासोबत फौजदारी खटलेही गुंडाळले गेले. ते 1991 मध्ये पुन्हा उघडावे लागले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर आणला, ज्याला तेव्हा कमाल शिक्षा दोन वर्षं होती. जून 2010 मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना ती दोन वर्षं सुनावली गेली आणि जामीनही लगेच मिळाला. वाढीव भरपाईची याचिका मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली.

दरम्यान 2001 मध्ये ही कंपनी डाऊ केमिकलच्या मालकीची झाली. डाऊचं म्हणणं, हे दायित्व आमचं नाही, आम्ही तेव्हा तिथे नव्हतोच. खरंच आहे. नव्हतेच.

त्या आवारात उरलेला 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, बंद कंटेनरांतून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरला जाळण्यासाठी नेला. तिथले लोक विरोध करत रस्त्यावर उतरले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं की नवा शेजार चालेल का.