रूढी काय आहे, हे कुणाला विचारायचं?

समान नागरी कायद्यावरचे आपल्याकडचे वाद मी इथे जोहान्सबर्गमध्ये रोज वाचते. बाजू दोनच दिसतात: सगळ्यांना एकच कायदा, नाहीतर ज्याची त्याची परंपरा. उत्तराखंडने २०२४ साली कायदा करताना अनुसूचित जमातींना वगळलं. मग त्या जमातींतल्या मुलींच्या हक्कांचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेने हा पेच वेगळ्या रीतीने हाताळला. रूढीचा कायदा जिथे लागू होतो तिथे न्यायालयाने तो लावलाच पाहिजे, पण घटनेच्या चौकटीत. वधूपक्षाला लोबोला, म्हणजे वधूमूल्य, देऊन रूढीप्रमाणे झालेल्या लग्नाला १९९८च्या कायद्याने पूर्ण मान्यता दिली, अगदी बहुपत्नीत्वासह. ते मला आजही खटकतं.

तरी २०१३चा एक निकाल मला फार मोलाचा वाटतो. त्सोंगा समाजातल्या एका विधवेचं म्हणणं होतं की, नवऱ्याने दुसरं लग्न तिला न विचारता केलं. पहिल्या बायकोची संमती लागते का? घटना न्यायालयाने पोथ्यांवर न विसंबता जादा प्रतिज्ञापत्रं मागवली. पारंपरिक प्रमुखांची, तज्ज्ञांची आणि बहुपत्नीक संसारात प्रत्यक्ष राहणाऱ्यांचीही. उत्तरं एकसारखी नव्हती. न्यायालयाने समानतेच्या कसोटीवर संमती आवश्यक ठरवली आणि दुसरं लग्न अवैध ठरलं.

इथे सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही. नोंदणी नसली तरी लग्न वैध असतं, पण नवरा गेल्यावर सासरचे लग्नच नाकारतात आणि ऐन दुःखात बाईला पुरावे शोधत फिरावं लागतं.

पुराव्याचं हेच ओझं आपल्याकडेही आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. एका गोंड स्त्रीच्या वारसांनी आजोळच्या मालमत्तेत वाटा मागितला, तेव्हा खालच्या न्यायालयांनी मुलींना वाटा देणारी रूढी सिद्ध करायला सांगितलं. मुलींना वगळणारी रूढी तरी कुठे सिद्ध झाली होती? जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या आधारे त्यांना वाटा दिला. पण प्रत्येक मुलीने दिल्लीपर्यंत लढायचं का?

महाराष्ट्रात समान नागरी कायदा करायचा किंवा कुणाला त्यातून वगळायचं ठरलं, तर मसुद्याआधी गडचिरोली, नंदुरबार, पालघरच्या आदिवासी बायकांचे जबाब त्यांच्याच भाषेत नोंदवा. जमातीच्या पुढाऱ्यांचं निवेदन त्याला पर्याय म्हणून चालणार नाही.