बोटी वाढू द्या, फाईल तेवढी नीट ठेवा

सागरी उद्यानाचा कारभार नव्यानेच तुमच्याकडे आला असेल तर आधी अभिनंदन. पर्यटक बोटींवर नियंत्रण ठेवा, असं वरून सांगतील. घाबरू नका. नियंत्रण असतं कागदावर, बोटी असतात पाण्यात. दोघांची गाठ पडू दिली नाही की कारकीर्द सुखात जाते.

मर्यादा घालाच, पण परवान्यांवर, माणसांवर नाही. ‘परवाने चाळीसच!’ असं ठणकावून सांगा. बारा जणांची जुनी होडी मोडीत काढून त्याच परवान्यावर साठ जणांची कॅटमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट, आली, तरी चाळीसाचे एकेचाळीस होत नाहीत. गर्दी मोजायचीच वेळ आली तर दिवसाची सरासरी काढा. दहा ते बारा सगळ्या बोटी एकाच प्रवाळ खडकाला चिकटलेल्या असतात हे खरं. पण पहाटे तिथे चिटपाखरू नसतं, त्याचं श्रेय का सोडायचं? मालदीवच्या हनिफारू उपसागरात एका वेळी आत किती बोटी आणि किती माणसं, हे बघतात. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर एका वाटाड्यामागे १६ पाहुण्यांवर सतरावा चालत नाही. बैठकीत कोणी हे काढलं तर ‘तिथली परिस्थिती वेगळी आहे’ म्हणा. हे वाक्य कधी वाया जात नाही.

नांगराच्या बाबतीत मात्र सांभाळा, इथे चुकून खरं काम होण्याची भीती आहे. नांगर पडतो तिथलं वीतभर प्रवाळ मोडतं, असा लोकांचा समज असतो. असू द्या. दहा मीटर पाण्यात बोट धरायला तीस ते पन्नास मीटर साखळी सोडावी लागते. तिचा बराच भाग तळावर आडवा पडतो. वारा किंवा ओढ फिरली की बोट फिरते आणि मागोमाग साखळी विळ्यासारखी तळ कापत जाते. फांद्यांचं प्रवाळ आधी आडवं होतं. गोलसर, दगडासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, म्हणजे झीज भरून येईपर्यंत तुमच्यानंतरचे चार अधिकारीही निवृत्त झालेले असतात.

यावर कोणीतरी कायमच्या बोयांचा, म्हणजे नांगर न टाकता बोट बांधायच्या तरंगत्या गोळ्यांचा, उपाय सुचवणारच. फ्लोरिडात की लार्गोला १९८०च्या दशकातच तो करून झाला: खडकात भोक पाडायचं, त्यात सिमेंटने पोलादी कडी बसवायची आणि वर तरंगता दोर, म्हणजे तळाला काही घासत नाही. तुम्हीही बोये बसवा, फीत कापा. देखभालीचा खर्च मात्र अंदाजपत्रकात धरू नका. दोर कडीला जोडणारा लोखंडी आकडा म्हणजे शॅकल; त्याच्या पिनेला तार आवळली नाही की लाटांच्या हिसक्यांनी ती आपोआप सुटते. दोरावर शिंपले-शेवाळ चढलं की बोया बुडू लागतो आणि एखाद्या बोटीचा पंखा उरलेलं काम करतो. बोयावर बोटीची कमाल लांबी लिहूच नका. दहा मीटरच्या बोटीसाठी घातलेल्या कडीला तीस मीटरची बोट आणि तिच्या शेपटाला आणखी एक बांधली, की वाऱ्याच्या दिवशी कडी खडकासकट वर येते. मग तांडेल म्हणतो, ‘साहेब, बोयाचा काय भरवसा? आपला नांगरच बरा.’ हे तातडीने इतिवृत्तात घ्या.

संडासाची टाकी सक्तीची करा. धक्क्यावर ती उपसायचा पंप कोणी मागितला तर निविदा काढू म्हणा. भरलेली टाकी कुठे रिकामी होते, हे भरतीला विचारायचं.

गस्त ठरल्या वाराला, ठरल्या वेळी घाला, उगाच कोणाची गैरसोय नको. डिझेल दहा तारखेला संपेल एवढंच मंजूर करा. प्रत्येक बोटीवर जीपीएस लावायला सांगा, फक्त त्या नोंदी कोणी वाचायच्या ते लिहू नका. आणि दंड एका पर्यटकाच्या तिकिटाएवढा ठेवा. मालक तो नांगर टाकायचं भाडं समजून आनंदाने भरतील, तुमची वसुलीही चांगली दिसेल.

एवढं करूनही प्रवाळ गेलंच, तर अहवालात समुद्राच्या वाढत्या तापमानावर टाका; कोणी खोटं म्हणणार नाही. पण सोबतचे फोटो एकदा स्वतः बघून घ्या. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, एका रेषेत मोडून पडत नाही.